हस्तांतराचे लेखन : नवी संगणक प्रणाली आणि मदत-कक्षाची भाषा

कार्यालयात एक माणूस जाऊन दुसरा येतो तेव्हा आपण 'कार्यभार सोपवला' म्हणतो. बोलताना 'चार्ज दिला' म्हणतो. चाव्या, कपाटे, फायली यांची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. नवी संगणक प्रणाली तयार झाल्यावरही असाच कार्यभार सोपवावा लागतो. ती घडवणारे अभियंते दुसऱ्या कामाला लागतात आणि पुढे रोजच्या तक्रारी मदत-कक्षातले कर्मचारी सांभाळतात. त्यांच्या हाती काय द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कोणत्या शब्दांत द्यायचे, हे ठरवणे म्हणजे हस्तांतराचे नियोजन. त्यातला मोठा भाग लेखनाचा आहे, म्हणून तो भाषेच्या अभ्यासकांपुढे मांडत आहे.

मी इंदूरच्या खजराना भागात राहतो. आसपासच्या पतसंस्था, शाळा, दवाखाने अशा लहान संस्थांसाठी संगणक प्रणालींच्या मार्गदर्शिका मराठीत आणि हिंदीत लिहिणे हे माझे काम. पुढची स्थानिक उदाहरणे त्या कामातली आहेत.

एक जुना नमुना

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले. शिवाजी महाराजांच्या काळात काम केलेल्या माणसाने पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवलेली कारभाराची रीत, असे ते आहे. म्हणजे एका अर्थाने हस्तांतराचाच दस्तऐवज. त्यातल्या दुर्गप्रकरणात किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा नियम आहे : हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी बदलावेत. कोणी एका जागी मूळ धरू नये हा हेतू उघड आहे. पण मुदती वेगवेगळ्या असण्याचा आणखी एक परिणाम होतो. तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुदती एकाच वेळी संपायला साठ वर्षे लागतात. तोवर गडाची माहिती असलेला कोणी ना कोणी गडावर असतोच.

आजच्या प्रकल्पांत नेमके उलटे घडताना दिसते. करार संपतो त्या दिवशी सगळे अभियंते एकदम निघून जातात आणि मागे उरतो तो कागद. तो कागद कसा आहे, यावर मग पुष्कळ काही अवलंबून असते.

दोन टपाल खाती

ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबाची प्रणाली देशभरच्या शाखांत बसवली. पुढे ती सांभाळण्याचे काम फुजित्सू कंपनीकडे होते. प्रणालीतल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात न झालेली तूट दिसू लागली. शाखाचालक मदतवाहिनीला फोन करत. अशी अडचण दुसऱ्या कोणाला आलेली नाही, असे उत्तर मिळाल्याचे अनेकांनी नंतर सांगितले. कंपनीकडे माहीत असलेल्या त्रुटींची नोंदवही होती. ती शाखाचालकांपुढे नव्हती. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या.

भारतीय टपाल खात्यानेही नुकतीच आपली प्रणाली बदलली. म्हैसूरच्या टपाल तंत्रज्ञान उत्कृष्टता केंद्राने घडवलेली ही प्रणाली मे-जून २०२५ मध्ये आधी कर्नाटक परिमंडळात चालवून पाहिली गेली. तिथे आलेल्या अडचणींवरून सुधारणा झाल्या, मग टप्प्याटप्प्याने इतर परिमंडळे जोडली गेली आणि ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभरातली १.७० लाखांहून अधिक कार्यालये नव्या प्रणालीवर आली. सुमारे ४.६ लाख कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले गेले. त्याची उतरंड लक्षात घेण्याजोगी आहे : आधी मुख्य प्रशिक्षक, मग कार्यालयातले जाणते सहकारी, शेवटी खिडकीवरचा कर्मचारी. खिडकीवर अडलेल्याला शेजारच्या टेबलावर विचारता यावे, अशी ही रचना आहे.

या दोन उदाहरणांचे आकार मोठे आहेत, पण तत्त्व लहान संस्थेलाही लागू पडते. एका पतसंस्थेत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. प्रणाली देणाऱ्यांनी १४० पानांची पुस्तिका दिली होती. त्यात प्रत्येक बटणाचे वर्णन होते. मात्र जोडणी मध्येच तुटली तर एकच हप्ता दोनदा वजा होऊ शकतो, हे अभियंत्यांना माहीत असूनही पुस्तिकेत नव्हते. एका वयस्क खातेदाराचे तसेच झाले. मदत-कक्षातल्या मुलीने पुस्तिका चाळली आणि प्रामाणिकपणे सांगितले, "काका, तुम्हीच दोनदा भरला असेल." महिनाभराने खरे कारण कळले, पैसे परत मिळाले. तोवर एका माणसाची स्मरणशक्ती संशयाखाली होती. माहीत असलेल्या त्रुटींची यादी हे हस्तांतराचे पहिले पान असावे, असा आग्रह मी तेव्हापासून धरतो.

फोन करणाऱ्याचे शब्द

मदत-कक्षाचा कर्मचारी दोन भाषांच्या मध्ये उभा असतो. अभियंता लिहितो : 'सत्र समाप्त', 'व्यवहार प्रलंबित', 'सर्व्हर प्रतिसाद देत नाही.' खजरान्यातला खातेदार फोनवर म्हणतो : "त्याने मला बाहेर काढलं", "पैसा कट गया, जमा नहीं हुआ", "भिया, गोला घूम रिया है." ही दोन्ही वर्णने एकाच घटनांची आहेत, पण पुस्तिकेच्या सूचीत फक्त पहिली असतात. फोन कानाला लावून उत्तर शोधणाऱ्याला मग काहीच सापडत नाही.

'अटक गया' हा शब्द पाहा. इंदूरच्या मराठी घरांत 'अडकलं'च्या बरोबरीने 'अटकलं'ही कानावर येते. छपाईयंत्रात कागद अडकला, पडदा गोठला किंवा पैसे मध्येच राहिले, तरी तक्रार एकच : "अटक गया." तिन्हींचे उपाय निराळे आणि तिसऱ्यात पैशांचा प्रश्न. म्हणून आमच्या मार्गदर्शिकेत या शब्दापुढे उपायाऐवजी प्रश्न लिहिला आहे : 'कागद अटकला, पडदा अटकला की पैसे?'

राज्यकारभारासाठी शब्दकोश करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सतराव्या शतकातल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले गेले. तिथे जुना शब्द बाजूला सारून नवा रूढ करायचा होता. मदत-कक्षाच्या कोशाचे काम वेगळे आहे. इथे फोन करणाऱ्याचा शब्द दुरुस्त न करता जसाच्या तसा नोंदवायचा आणि त्याच्यापुढे तांत्रिक संज्ञा लिहायची. ही सूची अभियंत्याला एकट्याने करता येत नाही. ती खिडकीवर बसून, ऐकून करावी लागते. भाषेच्या विद्यार्थ्याला इथे खरे काम आहे.

वाक्य कसे असावे

सरकारी वळणाचे एक वाक्य घेऊ : 'प्रणालीत प्रवेश करताना अडचण उद्भवल्यास आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.' व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण कोणी, काय आणि केव्हापर्यंत करायचे, हे त्यात कुठेही नाही. कर्मणी रचनेत कर्ता लपतो, आणि संकटाच्या वेळी सर्वांत आधी शोधावा लागतो तो कर्ताच.

तीच नोंद अशी लिहिता येते : 'खातेदार म्हणतो, "त्याने मला बाहेर काढलं." विचारा : बराच वेळ पडदा तसाच उघडा होता का? हो म्हटल्यास पुन्हा प्रवेश करायला सांगा. भरलेली रक्कम नोंदली गेली का, हे पावती क्रमांकावरून स्वतः पाहा, मगच सांगा. तीच रक्कम पुन्हा भरायला लावू नका. नोंद सापडली नाही तर पंधरा मिनिटांत दुसऱ्या फळीला कळवा.'

यात पाच गोष्टी आहेत : तक्रारीचे शब्द, आधी काय पाहायचे, काय करायचे, काय करायचे नाही, कोणाला किती वेळात कळवायचे. चौथी गोष्ट बहुतेक पुस्तिकांत नसते. नुकसान बहुधा तिच्या अभावानेच होते.

वेळापत्रक

लहान संस्थेसाठी मी पुढील क्रम सुचवतो. प्रणाली सुरू होण्याच्या आठ आठवडे आधी मदत-कक्षातल्या दोघांना चाचण्यांत बसवावे. चार आठवडे आधी त्रुटींची यादी आणि शब्दसूची यांचा पहिला खर्डा व्हावा. दोन आठवडे आधी उलटा सराव घ्यावा : कर्मचाऱ्यांनी खोट्या तक्रारींना उत्तरे द्यावीत आणि अभियंत्यांनी गप्प बसून ऐकावे. कर्मचारी जिथे अडखळेल तिथे कर्मचाऱ्याला बोल न लावता कागद दुरुस्त करावा.

सुरुवातीचा दिवस स्थानिक दिनदर्शिका पाहून निवडावा. मार्चअखेर टाळावी हे सगळ्यांना ठाऊक असते. खजरान्यात गणेश मंदिराची बुधवारची गर्दी आणि तिळ चतुर्थीची जत्राही टाळावी लागते. त्या दिवसांत रस्ते भरलेले असतात, दुरुस्तीला येणारा माणूस वेळेवर पोहोचत नाही.

सुरुवातीनंतर किमान चार आठवडे अभियंते उपलब्ध असावेत आणि त्यांनी एकेक करून, वेगवेगळ्या तारखांना बाहेर पडावे. सहीची अटही लिहून ठेवावी : सलग एक आठवडा मदत-कक्षाने अभियंत्याला न विचारता नेहमीच्या तक्रारी सोडवल्या, तरच हस्तांतर पूर्ण. कागद मिळाल्याची सही आणि काम कळल्याची सही या वेगळ्या आहेत.

अभ्यासासाठी

१. आपल्या शाळेतील किंवा कार्यालयातील कोणत्याही प्रणालीची छापील सूचना घ्या. तिच्यातली कर्मणी वाक्ये वेगळी काढा आणि प्रत्येकात कर्ता भरून पुन्हा लिहा. कर्ता ठरवता येत नसेल तिथे खूण करा. ती जागा संबंधितांना विचारण्याची आहे.

२. टपाल कार्यालय, बँक किंवा रुग्णालयाच्या खिडकीजवळ तासभर थांबा. लोक अडचण कोणत्या शब्दांत सांगतात ते नावे न लिहिता टिपा. मराठी, हिंदी, माळवी असे वर्गीकरण करा आणि एकाच शब्दाचे किती अर्थ निघतात ते पाहा.

३. आपण रोज करत असलेल्या एका कामाचे हस्तांतर एका पानात लिहा. ते काम कधीच न केलेल्या व्यक्तीकडून, आपण समोर बसून पण एक शब्दही न बोलता, करून घ्या.