अंगावर पाजताना मातेला होणारी मळमळ : कारणे व उपाय

बाळंतपण सुखरूप पार पडले आणि बाळ अंगावर पिऊ लागले, की घरातील मंडळी निश्चिंत होतात. परंतु काही मातांना याच सुमारास एक निराळा त्रास सुरू होतो. बाळाला छातीशी घेतले, की क्षणभरातच पोटात ढवळू लागते, तोंडाला पाणी सुटते, क्वचित ओकारीही होते. थोड्या वेळाने हा त्रास आपोआप थांबतो व पुढच्या पाजण्याच्या वेळी पुन्हा सुरू होतो. आपल्याच बाळाला पाजताना मळमळते, हे सांगण्याचा मातेला संकोच वाटतो व ती गप्प राहते.

या मौनातून दोन चुका घडतात. मातेचे दूध बाधले असे समजून स्तनपान बंद करणे व वरच्या दुधाची बाटली सुरू करणे, ही पहिली चूक होय. "बाळंतिणीला असे व्हायचेच" असे म्हणून खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष करणे, ही दुसरी. पहिलीचे परिणाम बाळाला भोगावे लागतात, दुसरीचे मातेला. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक घरात असणे आवश्यक आहे.

पान्हा येताना काय घडते?

बाळ चोखू लागले, की त्याची जाणीव मज्जातंतूंमार्फत मातेच्या मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. त्यामुळे स्तनातील दुग्धपिंडांभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात व दूध वाहू लागते. यालाच आपण पान्हा येणे म्हणतो. याच संप्रेरकामुळे गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणून पहिल्या काही दिवसांत पाजताना ओटीपोटात कळा येतात. चोखण्यामुळे पचनसंस्थेतील काही संप्रेरकांचे प्रमाणही बदलते. या सर्व बदलांच्या वेळी काही मातांना मळमळते. ही मळमळ बहुधा काही मिनिटेच टिकते व पुढील काही आठवड्यांत कमी होत जाते.

काही मातांना पान्हा येण्याच्या क्षणी मळमळीबरोबर एकाएकी उदास किंवा अस्वस्थही वाटते व दोन-चार मिनिटांत मन पूर्ववत होते. या अवस्थेचे वर्णन २०११ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. ही शरीरातील रसायनांची घडामोड आहे. मातेच्या मायेत उणीव आहे असा तिचा अर्थ नव्हे.

मळमळ केव्हा होते, हे पाहावे

कारण ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे वेळेची नोंद. बाळ चोखू लागताच मळमळ सुरू होऊन लवकर थांबत असेल, तर ती पान्ह्याशी संबंधित असण्याचा संभव अधिक. पहाटे, दोन जेवणांच्या मधल्या वेळी किंवा रात्री पाजताना चक्कर व घशाला कोरड यांसह ती होत असेल, तर भूक, पाण्याची कमतरता व जागरण ही कारणे असू शकतात. लोहाची गोळी घेतल्यानंतर होत असेल, तर गोळी रिकाम्या पोटी घेतली जात आहे काय, हे पाहावे. दिवसभर राहणारी मळमळ मात्र तपासून घेतली पाहिजे. बाळ काही महिन्यांचे झाल्यावर नव्याने मळमळ सुरू झाली, तर पुन्हा दिवस गेले आहेत काय, याचीही खात्री करून घ्यावी.

आधी मातेला, मग बाळाला

नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला नेहमीच्या आहाराखेरीज दररोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत म्हटले आहे. असे असता काही घरांतून बाळंतिणीला पाणी मोजून दिले जाते व आहारातील अनेक पदार्थ वर्ज्य केले जातात. ही प्रथा सोडून द्यावी. मोपाच्या सड्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत घामावाटे शरीरातील पाणी बरेच जाते. अशा वेळी तर पाणी तोडणे अपायकारकच होय.

मातेने पुढील उपाय करून पाहावेत :

१. पाजावयास बसण्यापूर्वी पेलाभर पाणी प्यावे व थोडे काही खावे. उकड्या तांदळाची पेज, नाचण्याची भाकरी, केळे किंवा घरातील साधा लाडू चालेल.

२. एकदाच पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे, पण अनेक वेळा खावे. तेलकट व अति तिखट पदार्थ काही दिवस कमी करावेत.

३. रात्रीसाठी उशाशी पाण्याचा तांब्या व खाण्याचा डबा झाकून ठेवावा. घरातील माणसे रात्रपाळीस जात असतील, तर ही व्यवस्था जाण्यापूर्वीच करावी.

४. पाजताना खोलीत वारा खेळता असावा. धूर, फोडणी व सुकी मासळी भाजल्याचा वास यांपासून बाळंतिणीला दूर ठेवावे.

५. पाठीला आधार देऊन बसावे किंवा कुशीवर निजून पाजावे. मळमळ सुरू होताच दीर्घ व संथ श्वास घ्यावा.

६. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. बाळंतपणानंतर १८० दिवस ही गोळी घ्यावयाची असते. त्रास होतो म्हणून ती परस्पर बंद न करता आरोग्य सेविकेस विचारावे.

ओकारी येईलसे वाटल्यास स्वच्छ बोट बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवून स्तन सोडवावा, बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावे व बरे वाटताच पुन्हा पाजावे. पाजणे अगदीच अशक्य झाले, तर दूध हाताने स्वच्छ वाटीत काढून चमच्याने पाजावे. मातेच्या मळमळीमुळे दूध नासत नाही. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. ओकारी थांबविण्याचे औषध दुकानातून परस्पर आणू नये. डॉक्टरांना आपण अंगावर पाजत आहोत हे सांगूनच औषध घ्यावे.

विलंब करू नये अशी लक्षणे

मळमळीबरोबर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही लक्षणे असल्यास रक्तदाब वाढलेला असू शकतो. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत हा धोका संभवतो. ताप येणे, स्तन लाल व गरम होऊन दुखणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव किंवा फार रक्त जाणे, डोळे पिवळे दिसणे, पाणीही पोटात न ठरणे व लघवी कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. पावसाळ्यातील ताप व ओकारी हे डेंग्यू, हिवताप किंवा लेप्टोचेही लक्षण असू शकते. उदासपणा दिवसचे दिवस टिकला, तर तोही आजार समजून उपचार घ्यावेत. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात आल्यास मातेला एकटे न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मोपा व आसपासच्या गावांतील मातांना कासारवर्णे येथील प्राथमिक आरोग्य केंद्र जवळचे आहे. अधिक उपचारांसाठी म्हापसा येथे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय आहे. तातडीच्या वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सर्वांचे सहकार्य

अंगणवाडी सेविकांनी व आरोग्य सेविकांनी बाळाचे वजन विचारतानाच "पाजताना तुम्हाला काही त्रास होतो का?" हा प्रश्न मातेस अवश्य विचारावा. शिक्षकांनी पालकसभेत व पंच सभासदांनी ग्रामसभेत या विषयाचा उल्लेख केल्यास संकोच कमी होईल. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा शब्द बाळंतिणीच्या खोलीत मानला जातो. बाळ रडू लागताच त्यांनी प्रथम मातेच्या हाती पाण्याचा पेला द्यावा व मग बाळ तिच्या मांडीवर ठेवावे. एवढ्या साध्या सवयीनेही अनेक मातांचा त्रास हलका होईल व बाळाचे हक्काचे दूध त्याला मिळत राहील.