लिंबाची एक फोड

मुलांनो, शाळेचा तिसरा-चौथा तास चालू असताना आपल्या वर्गाकडे एकदा नीट पाहा. दोन-चार मुले जांभया देत असतात. एखादी मुलगी बाकावर डोके टेकून बसलेली असते. प्रार्थनेच्या वेळी जास्त उभे राहिले की तिला चक्कर येते, जिना चढला की धाप लागते. घरचे म्हणतात, "अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय!" पण प्रत्येक वेळी तो कंटाळा नसतो. कित्येकदा अंगात रक्त कमी असल्याची ती खूण असते.

आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. स्टेशनवरचा हमाल जसे ओझे उचलून नेतो, तसा तो फुप्फुसातील ऑक्सिजन उचलतो आणि मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत पोचवतो. हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी शरीराला लोह लागते. लोह म्हणजे लोखंड. रोज काही मिलिग्रॅमच लागते, पण तेवढे मिळाले नाही तर हमाल कमी पडतात. मग मेंदूला ऑक्सिजन कमी मिळतो आणि समोर फळ्यावर लिहिलेले डोक्यात शिरत नाही. या आजाराला रक्तक्षय म्हणतात. दवाखान्यात तुम्ही 'ॲनिमिया' हा शब्द ऐकाल. त्याची इतरही कारणे असतात, पण लोहाची कमतरता हे फार मोठे कारण आहे.

हा आजार किती पसरलेला आहे? २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना आणि शंभर मुलांपैकी सुमारे ३१ मुलांना रक्तक्षय असल्याचे दिसले. म्हणजे मुलींच्या वर्गात अर्ध्याहून अधिक! हे आकडे एकदा मोठ्याने वाचा आणि आपल्या बाकावर शेजारी कोण बसले आहे ते पाहा.

आता सकाळच्या नाश्त्याकडे वळू. पुष्कळ घरांत सकाळी चहा आणि त्यात बुडवलेला पाव, खारी किंवा बटर असते. पोट भरल्यासारखे वाटते. पण पावात लोह थोडे असते, आणि चहातील टॅनिन नावाचे द्रव्य तेही अंगी लागू देत नाही. भाजी, डाळ, बाजरी यांतले लोह चहाबरोबर पोटात गेले तर त्यातले बरेचसे वाया जाते. म्हणून चहा जेवणाबरोबर घेऊ नका. जेवण आणि चहा यांच्यामध्ये निदान एक तास जाऊ द्या. याला पैसे लागत नाहीत. फक्त घड्याळाकडे पाहावे लागते.

चहाच्या अगदी उलट काम लिंबू करते. लिंबात 'क' जीवनसत्त्व असते. त्यामुळे डाळ-भाजीतले लोह शरीरात चांगले शोषले जाते. तुमच्या दस्तरखानावर लिंबाची फोड असतेच. पाहुणे आले म्हणजे तर हमखास असते. ती बहुधा बिर्याणी आणि कबाबाच्या वाट्याला जाते. रोजच्या साध्या डाळीवर आणि पालेभाजीवर तिची खरी गरज आहे, तिथे मात्र तिला कोणी विचारत नाही.

लिंबाच्या या गुणाचा शोध लागण्याआधीची एक गोष्ट फार नामांकित आहे. पूर्वी जहाजावरचे खलाशी महिनोन्‌महिने सुकी बिस्किटे आणि खारवलेले मांस खाऊन राहत. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, अंगावर डाग पडत आणि अनेकजण दगावत. या रोगाचे नाव स्कर्व्ही. १७४७ साली 'सॅलिसबरी' या इंग्रजी जहाजावर जेम्स लिंड नावाचा डॉक्टर होता. त्याने १२ आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. बाकी जेवण सर्वांना सारखेच. पण प्रत्येक जोडीला एक वेगळी वस्तू दिली. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणाला व्हिनेगर, तर कोणाला चक्क समुद्राचे पाणी! एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. जहाजावरची ही फळे सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एकजण कामावर जाण्याइतका बरा झाला होता आणि दुसराही सुधारत होता. असा स्वच्छ पुरावा हाती असूनही इंग्रजी आरमाराने सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम १७९५ साली काढला. मधल्या ४८ वर्षांत किती खलाशी विनाकारण गेले असतील! माहीत असणे आणि रोज करणे यांत एवढे अंतर असते.

तर मग रोज किती फळे आणि भाज्या खायच्या? जागतिक आरोग्य संघटना सांगते की, दहा वर्षांवरील प्रत्येकाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात. बटाटा आणि रताळे यांत धरायचे नाहीत. ४०० ग्रॅम ऐकायला खूप वाटतात. पण एक केळे, एक पेरू, एक गाजर आणि वाटीभर शिजलेली पालेभाजी एवढ्यात ते जवळजवळ भरतात.

"पण फळे महाग असतात ना?" असे तुम्ही विचाराल. सफरचंद महाग असते, हे खरे. ते लांबून, काश्मीर-हिमाचलातून येते. आजाऱ्याला भेटायला जाताना लोक सफरचंदेच नेतात, म्हणून त्याचा मोठा मान आहे. माझ्या मते तो जरा जास्तच आहे. 'क' जीवनसत्त्वाचा हिशेब केला तर आपला साधा पेरू सफरचंदाच्या कितीतरी पुढे आहे. तो संत्र्यालाही मागे टाकतो, आणि आवळा तर पेरूलाही. जळगावची केळी, नागपूरची संत्री, नाशिकची द्राक्षे, सोलापूरची डाळिंबे अशी फळांची केवढी दौलत आपल्या महाराष्ट्रात पिकते! ज्या ऋतूत जे फळ गाडीवर ढिगाने दिसते, ते त्या ऋतूत स्वस्त असते आणि ताजेही असते. तेच घ्यावे.

बाजारात जाताना मराठी नावे ठाऊक असली म्हणजे काम सोपे होते. घरी तुम्ही ज्याला अमरूद किंवा जाम म्हणता, तो पेरू. अनार म्हणजे डाळिंब. तरबूज म्हणजे कलिंगड. लोबिया म्हणजे चवळी. मूली म्हणजे मुळा. सहजन म्हणजे शेवगा. मेथी, पालक, गाजर आणि अंजीर यांना मात्र दोन्हीकडे तीच नावे आहेत. आता भाजीवालीला विचारा, "मावशी, मेथीची जुडी कशी दिली?" ती म्हणेल, "दहाला एक, घे बाळा." तुम्ही म्हणा, "दोन घेतल्या तर कमी कराल का?" बहुतेक वेळा ती कमी करते. संध्याकाळी उशिरा गेलात तर पालेभाजी आणखी स्वस्त मिळते, कारण ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. मुळा घेतलात तर त्याचा पाला तिथेच टाकून येऊ नका. त्या पाल्याची उत्तम भाजी होते. शेवग्याच्या पाल्याचेही तसेच.

आणलेली भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. पुष्कळजण आधी चिरून मग धुतात. त्यामुळे 'क' जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवले तर नष्टही होते. म्हणून थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, लागेल तेवढेच शिजवावे. लिंबू मात्र भाजी चुलीवरून उतरवल्यावर पिळावे.

काही मुलांना हिरवी भाजी मुळीच आवडत नाही. त्यांच्यासाठी आपल्या स्वयंपाकात छान उपाय आहेत. पालक-गोश्त, मेथी-खिमा, दुधी घातलेला दालचा हे पदार्थ तुम्ही आवडीने खाता. मग अम्मीला सांगा की, त्यात पालक आणि मेथी जरा जास्त घाला. मांसातले लोह शरीर लवकर घेते आणि त्याच्या सोबतीने भाजीतले लोहही अधिक अंगी लागते. ज्या दिवशी गोश्त नसेल त्या दिवशी डाळ, चवळी, बाजरीची भाकरी आणि वर लिंबू. बरोबर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, म्हणजे तुमचे कचुंबर. मधल्या सुट्टीत तळलेल्या वेफर्सच्या पुडीऐवजी गूळ-शेंगदाणे आणि एक पेरू खाऊन पाहा.

सरकारी व अनुदानित शाळांत सहावीपासून पुढच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. काही मुले ती गुपचूप खिडकीतून फेकतात. असे करू नका. गोळी जेवणानंतर, पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, आणि मग मुले उगाच गोळीला नावे ठेवतात. सतत चक्कर येत असेल, धाप लागत असेल तर मात्र घरचे उपाय करीत बसू नये. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावे.

खाण्याचे झाले. आता व्यायामाचे, म्हणजे वर्जिशचे पाहू. व्यायाम म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर आखाडा आणि डंबेल्स येतात. तेवढे काही लागत नाही. तुमच्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंग हलवावे, असे तज्ज्ञ सांगतात. हा तास एका दमात भरायला हवा असे नाही. शाळेत पायी जाणे-येणे, मधल्या सुट्टीतली लंगडी, संध्याकाळचे पाणी भरणे हे सारे त्यात मोजा. ज्याला सवय नाही त्याने भराभर चालण्यापासून सुरुवात करावी. भराभर म्हणजे किती? एक सोपी कसोटी आहे. चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता आले तर चाल मंद आहे. बोलताही येत नसेल तर चाल जरा कमी करा.

मालेगाव-भिवंडीच्या गल्ल्यांत एका बाजूला यंत्रमागांची खडखड आणि दुसऱ्या बाजूला सुताचे गठ्ठे. खेळायला जागा कुठे? मुलगे कसेतरी रस्त्यावरच क्रिकेट मांडतात. मुली मोठ्या झाल्या की त्यांचे खेळणे बंद होते. हे मला फार खटकते. ज्यांच्यात रक्तक्षय अधिक, त्यांनाच मोकळी हवा कमी मिळावी! मुलींनो, गच्ची असेल तर गच्चीवर, नसेल तर घरातल्या चार फरश्यांवर दोरीच्या उड्या मारता येतात. दोरी नसली तरी नुसत्या जागच्या जागी उड्या माराव्यात. बहिणी-बहिणींनी मिळून हात वर ताणणे, कमरेत वाकणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे असे दहा मिनिटे करावे. आपा करू लागली की धाकट्या आपोआप मागे येतात. आणि शाळेत खेळाचा तास गणिताला दिला गेला, तर तो परत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. अदबीने मागा, पण मागा.

आता सर्वांत अवघड गोष्ट राहिली. हे सारे रोज कसे व्हायचे? पहिल्या दिवशी सगळ्यांना उत्साह असतो. आठवड्यात तो विरतो. सवय, म्हणजे आदत, कशी लागते याचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी केला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक छोटी गोष्ट निवडली आणि ती रोज ठरावीक प्रसंगी केली. कोणी दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खाल्ले, कोणी रात्रीच्या जेवणाआधी धावले. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला आठ महिन्यांहून अधिक लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून मात्र कोणाची सवय मोडली नाही.

यातली मेख 'ठरावीक प्रसंगी' या शब्दांत आहे. रमजानमध्ये पाहा ना. मगरिबची अजान झाली की खजूर आणि कापलेली फळे समोर येतात. तिथे कोणी विसरत नाही, कारण वेळ ठरलेली आहे आणि सगळे घर सोबत बसलेले आहे. ईद झाली की फळांचे ताट दिसेनासे होते. फळे तीच, बाजार तोच, फक्त बांधलेली वेळ सुटते. तेव्हा नवी वेळ शोधू नका. जे रोज होतेच त्याला नवी गोष्ट बांधा. दप्तर भरले की डब्याशेजारी एक फळ. डाळ वाढली की लिंबाची फोड. अस्रनंतर दूध आणायला जायचेच असते, तर एक गल्ली लांबून.

सगळे एकदम सुरू करू नका. यातली एकच गोष्ट निवडा. वहीच्या शेवटच्या पानावर ६६ चौकोन आखा. आजच्या तारखेपासून मोजले तर शेवटच्या चौकोनात कोणती तारीख येते ते काढा आणि मराठीत अक्षरांनी लिहा. ज्या दिवशी ती गोष्ट केली त्या दिवशी चौकोनात बरोबरची खूण करा. चुकला तर तो चौकोन रिकामा सोडा आणि पुढच्यावर चला.