आंबा काढणीची शिडी गाडीच्या टपावर नेताना

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला आता बहुतेक बागायतदारांच्या परिचयाचा आहे. तरीही जुन्या, उंच कलमांना शिडीवाचून गत्यंतर नसते. ही शिडी एका बागेतून दुसऱ्या बागेत न्यायची ती व्हॅनच्या किंवा जीपच्या टपावरील कॅरियरवर, आणि बांधायची ती हाती लागेल त्या दोरीने, अशी आपली रीत. मी स्वतः एकदा विद्यार्थ्यांबरोबर जाताना चार मीटरची बांबूची शिडी मधोमध एकाच ठिकाणी बांधली होती. घाटातील वळणावर तिचे मागचे टोक फिरून रस्त्यावर आले. समोरून येणारा दुचाकीस्वार गटारात उतरला म्हणून बचावला. दोरी तुटली नव्हती, गाठही सुटली नव्हती.

एका जागी बांधलेली शिडी त्या जागेभोवती फिरते. म्हणून कॅरियरच्या पुढच्या आणि मागच्या आडव्या पट्टीवर शिडी स्वतंत्र दोऱ्यांनी बांधावी. एकच लांब दोरी दोन्हीकडे फिरवू नये, कारण ती एका जागी सैल झाली की सगळीच सैल होते. प्रत्येक ठिकाणी शिडीचे दोन्ही उभे दांडे पट्टीशी आवळावेत व दोरीचा एक वेढा जवळच्या पायरीला द्यावा. नुसत्या दांड्यांवरून टाकलेली दोरी शिडीला खाली दाबते, पण पुढे सरकण्यापासून अडवत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक लावला, तर शिडीला पुढे ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या पाऊण पटीपर्यंत जाऊ शकतो. तळाशी रुंद व वर निमुळती अशी शिडी असल्यास अरुंद टोक पुढे ठेवावे. म्हणजे शिडी पुढे सरकू लागली तरी तिचा रुंद भाग दोरीत अडकून घट्ट होतो; उलट ठेवल्यास दोरी सैल पडते.

दोरीबाबत थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. काढणी सकाळी लवकर सुरू करावयाची म्हणून शिडी पहाटे, दव असताना बांधली जाते. सुती किंवा तागाची दोरी भिजली की आखडते आणि वाळली की सैल पडते. पहाटे घट्ट वाटलेली गाठ नऊ वाजेपर्यंत ढिली होण्याचे कारण हेच. नायलॉनची दोरी मजबूत खरी, पण ती ताणली जाते. हुक असलेली रबरी दोरी तर शिडीसाठी वापरूच नये. सर्वांत चांगला तो न ताणला जाणारा विणलेला, रॅचेटने आवळावयाचा पट्टा. तो शिडीच्या दांड्यावर घासू नये म्हणून खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. कोणतीही दोरी वापरली तरी पाच-सहा किलोमीटरवर गाडी थांबवून ती पुन्हा आवळावी.

वेगाचाही विचार करावा. ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेल्यास वाऱ्याचा जोर दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. टपावर किती किलो वजन चालते हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे; त्यात कॅरियरचेही वजन धरावे लागते. कॅरियरचे बोल्ट सैल असतील तर शिडी कितीही घट्ट बांधून उपयोग नाही.

शिडी गाडीच्या पुढे, मागे वा बाजूस मर्यादेबाहेर आल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तेव्हा लांब शिडीसाठी मोठे वाहनच करावे. मर्यादेत असली तरी मागील टोकास दिवसा लाल फडके व अंधारात लाल दिवा लावावा.

बागेत पोहोचल्यावर उतरविण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहावे. ॲल्युमिनियमची शिडी तर धोक्याची आहेच, पण दवाने भिजलेला बांबूही विजेला पुरता रोखत नाही. शिडी दोघांनी उतरवावी. ती झाडाला लावण्याआधी दोरीखाली आलेल्या पायऱ्या व सांधे हाताने हलवून पाहावेत.