पाण्यात विरघळणारा कर्बगोल

हिरा आणि ग्रॅफाइट ही कर्बाची दोन रूपे शालेय पुस्तकांतून परिचित आहेत. १९८५ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात हॅरॉल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल व रिचर्ड स्मॉली यांना तिसरे रूप आढळले. साठ कर्ब अणूंचा हा पोकळ गोल असून त्यावर बारा पंचकोन व वीस षट्कोन असतात. फुटबॉलची शिवण डोळ्यांपुढे आणली म्हणजे पुरे. त्याचा व्यास सुमारे ०.७ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांशाहूनही कमी. फुलर या वास्तुशिल्पज्ञाच्या घुमटांवरून त्यास फुलरीन हे नाव मिळाले आणि १९९६ साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या गोलात तीस द्विबंध असतात. प्राण्यांच्या पेशींत प्राणवायूच्या वापरातून सुपरऑक्साइडसारखी अस्थिर मूलके सतत निर्माण होतात व ती मेद, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांना इजा करतात. गोलाचे द्विबंध अशा मूलकांना सामावून घेतात. म्हणूनच १९९१ साली संशोधकांनी त्यास 'मूलकांचा स्पंज' म्हटले. अडचण एवढीच की मूळ गोल टोल्युइनमध्ये विरघळून जांभळा रंग देतो, पाण्यात मात्र विरघळत नाही. आणि शरीरातील बहुतेक व्यवहार तर पाण्यातच चालतात.

यावर उपाय म्हणून गोलाच्या पृष्ठभागावर पाण्याशी जुळणारे गट जोडण्यात आले. हायड्रॉक्सिल गट जोडले की फुलरेनॉल मिळते. मात्र प्रत्येक जोडणीत द्विबंध खर्ची पडतात: चोवीस हायड्रॉक्सिल गटांसाठी बारा, तर मॅलॉनिक अम्लाचे तीन गट जोडण्यास अवघे तीन. विद्राव्यता वाढविताना मूळ गुण किती गमवावा, हा हिशेब रसायनतज्ज्ञास करावाच लागतो. मॅलॉनिक अम्लयुक्त रेणू सुपरऑक्साइडचा नाश करताना स्वतः खर्च होत नाही, तर शरीरातील तशाच विकराप्रमाणे उत्प्रेरकाचे काम करतो, असे २००४ साली दाखविण्यात आले. त्याआधी १९९७ साली, स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक चेताविकाराच्या उंदरांत या रेणूने लक्षणे व मृत्यू लांबविल्याचे दिसले होते.

धातुबंधनाचा गुण याच विषयाची दुसरी बाजू होय. लोहाचा मुक्त आयन हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सान्निध्यात आला की हायड्रॉक्सिल मूलक उत्पन्न होते, आणि ते सर्वांत दाहक. फुलरेनॉलच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन अणू धातूच्या आयनास पकडून ठेवतात. मूलक तयार झाल्यावर विझविणे व ते तयारच होऊ न देणे, अशी दोन्ही कामे एकाच रेणूकडून होणे संभवते. हीच पकड पाण्याच्या शुद्धीकरणातही उपयोगी पडू शकेल: २००५ साली राइस विद्यापीठात फुलरेनॉल व लोहादी धातूंचे क्षार एकत्र आणले असता, धातूचे आयन शेजारच्या गोलांना एकमेकांशी जोडून अविद्राव्य साका बनवितात असे आढळले. ग्रामीण पाणीपुरवठ्यात हे आणण्याची भाषा मात्र अकाली ठरेल. साध्या क्षपित लोहासाठी हवा मिसळणे व वाळूतून गाळणे ही जुनी रीत कितीतरी स्वस्त आहे.

सावधगिरीचे कारण वेगळेच. प्रकाश पडला की मूळ फुलरीन स्वतःच उत्तेजित ऑक्सिजन निर्माण करते, म्हणजे रक्षकच हल्लेखोर होतो. २०१२ साली ऑलिव्ह तेलातील फुलरीनने उंदरांचे आयुष्य जवळजवळ दुप्पट झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि असे तेल आयुर्वर्धक म्हणून विक्रीस आले. तो प्रयोग थोड्याच प्राण्यांवर झाला होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर प्रयोगात आयुष्यवाढ दिसली नाही. उलट प्रकाशात ठेवलेले तेल उंदरांना विषारी ठरले. मानवी उपचारासाठी या गोलांना औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. अशा बाटलीची जाहिरात घेऊन कोणी गावात आलाच, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यास हा २०२० चा निष्कर्ष विचारावा.