घरगुती चित्रमुद्रण-यंत्र व त्याचे पहिले तक्रारदार

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं पन्नाशी उलटलेलें कोणी वडील माणूस असेल, तर त्यास एवढेंच विचारून पाहा कीं, व्हीसीआरवरील घड्याळ आपण कधीं बरोबर लावलें होतें काय? पुष्कळ ठिकाणीं उत्तर हंसण्यांतच मिळेल. नेमलेल्या वेळीं आपोआप चित्रमुद्रण करण्याची सोय ज्या यंत्रांत होती, त्या यंत्राचें घड्याळच पुष्कळ घरांतून शून्यावर लुकलुकत असे. सोय यंत्रांत होती. माणसाच्या हातीं आली नव्हती. या दोहोंतील अंतर प्रथम कोणाच्या लक्षांत आलें व तें कितपत भरून निघालें, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढील वर्षीं सिंहगडावर मनोरा उभा राहिला व त्याच्या द्वारें मुंबईचे कार्यक्रम पुण्यांत दिसूं लागले. वाहिनी एक, वेळ ठरलेली. जें चुकलें तें चुकलें. जानेवारी १९८७ मध्यें ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यावर रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत, तें केवळ भक्तीमुळें नव्हे. ती घटका टळली तर तो भाग पुन्हां पाहावयास मिळेल अशी शाश्वती नव्हती, हेंही त्याचें एक कारण होतें.

कार्यक्रम आपल्या सवडीनें पाहावा, ही इच्छा अर्थात् त्याहून जुनी. सोनी कंपनीचें बेटामॅक्स १९७५ सालीं व जेव्हीसी कंपनीचें व्हीएचएस १९७६ सालीं जपानांत निघालें. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत प्रक्षेपण आलें, आणि त्यामागोमाग व्हीसीआरही दिसूं लागला. तथापि बहुतेकांनीं तो विकत न घेतां रात्रीपुरता भाड्यानें आणला. एका रात्रींत तीन चित्रपट संपवून सकाळीं लाल डोळ्यांनीं यंत्र परत करणें, हाच त्याचा मुख्य उपयोग. ज्यांच्या घरीं तो कायमचा होता त्यांतही मुद्रण करणारे थोडे, आणि वेळ लावून मुद्रण करणारे त्याहून थोडे. दिवस, आरंभाची वेळ, शेवटची वेळ, वाहिनी, हें सर्व बारीक बटणें दाबून क्रमानें भरावें लागे; मध्यें वीज गेली कीं पुष्कळ यंत्रांत घड्याळासकट सारें पुसलें जाई. अमेरिकेंत १९९० सालीं यावर एक युक्ति निघाली. प्रत्येक कार्यक्रमास जास्तींत जास्त आठ आंकड्यांची एक संख्या द्यावयाची, ती वर्तमानपत्रांत छापावयाची, आणि प्रेक्षकानें तेवढीच यंत्रांत भरावयाची. दिवस, वेळ व वाहिनी तिच्यांतच गुंफलेलीं असत. युक्ति नामी खरी. परंतु चावणारा जोडा न बदलतां त्यांत कापूस घालण्यासारखा तो उपाय होता.

जोडा बदलला तो १९९९ सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंत टिव्हो व रीप्ले-टीव्ही अशीं दोन यंत्रें बाजारांत आलीं. यांत फीत नव्हती. संगणकांत असते तशी हार्ड डिस्क होती. हा भेद नीट समजून घेण्यासारखा आहे. फीत ही गुंडाळलेल्या जन्मपत्रिकेप्रमाणें असते. शेवटचें पाहावयाचें तर मधलें सारें उलगडावें लागतें, आणि लिहिणें चालू असतां मागचें वाचतां येत नाहीं. डिस्क ही वहीप्रमाणें आहे. हवें तें पान तत्काळ उघडतें, आणि डिस्कवरील टोंक इतक्या त्वरेनें हालतें कीं एका क्षणीं तें नवीन लिहितें व दुसऱ्या क्षणीं जुनें वाचतें. पाहणारास दोन्ही कामें एकाच वेळीं चाललीं आहेत असें वाटतें. यामुळेंच चालू असलेला कार्यक्रम थांबवून दार उघडण्यास जावें व परत येऊन तेथूनच पुढें पाहावें, हा चमत्कार शक्य झाला.

हिशेबही सोपा आहे. चित्र दर सेकंदास ४० लक्ष बिट या मानानें येत असेल, तर आठांनीं भागून दर सेकंदास ५ लक्ष बाइट होतात. तासाचे सेकंद ३६००, म्हणून एका तासास १८० कोटि बाइट, म्हणजे १.८ गिगाबाइट. डिस्कची क्षमता ठाऊक असल्यास तिच्यांत किती तास मावतील, हें आतां तुम्हांस काढतां येईल. पहिल्या ग्राहकांच्या तक्रारींपैकीं एक नेमकी याच गणिताची होती. टिव्होच्या पहिल्या लहान यंत्राचे चौदा तास सांगितले जात. पण ते सर्वांत हलक्या प्रतीच्या चित्राचे. उत्तम प्रतीचें चित्र निवडलें कीं तास भराभर घटत. ग्राहकास हें घरीं गेल्यावर कळे.

दुसरी तक्रार रिमोटची. तो हातांत चांगला बसे. पण दोन्ही टोंकांनीं जवळजवळ सारखाच असल्यानें अंधारांत उलटा धरला जाई, आणि भलतेंच बटण दाबलें जाई. तिसरी याहून मौजेची. केबलच्या डब्याची वाहिनी बदलण्याकरितां त्याच्या पुढ्यांत एक बारीक तार चिकटवावी लागे. ती रिमोटची नक्कल करून डब्यास आंकडे कळवी. एखादा आंकडा न पोहोंचला, तर बारा क्रमांकाच्या ऐवजीं दोन क्रमांकाची वाहिनी तासभर इमानें-इतबारें मुद्रित होई. यंत्राच्या दृष्टीनें काम फत्ते. घरधन्याच्या दृष्टीनें तास व्यर्थ.

परंतु या यंत्राच्या कर्त्यांनीं एक गोष्ट फार समजूतदारपणें केली, ती येथें सांगितल्याशिवाय आमच्यानें राहवत नाहीं. चित्र साठपट वेगानें पुढें पळत असतां हवें तें दृश्य डोळ्यांस दिसतें, आणि मग बोट बटण दाबतें. डोळा व बोट यांच्यामध्यें पाव सेकंद जातोच. पाव सेकंदांत साठपट वेगानें पंधरा सेकंदांचें चित्र निसटतें. मग मागें या, पुन्हां पुढें जा, असा झोंका सुरू होतो. टिव्होनें उपाय असा केला कीं, बटण दाबतांच यंत्र आपण होऊन किंचित् मागें येई. माणसाचें बोट मंद आहे, हा माणसाचा दोष न मानतां यंत्रानें तो हिशेबांत धरला. दोष सुधारण्याची ही रीति आम्हांस सर्वांत थोर वाटते. या यंत्रापूर्वीं, १९८८ सालीं, डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें नित्याच्या वस्तूंविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याचेंही सार असेंच आहे कीं, वस्तु वापरतां आली नाहीं म्हणून वापरणारानें स्वतःस मूर्ख समजूं नये, रचनेकडे पाहावें.

आपल्या देशांत छपरावरील तबकडीद्वारें येणाऱ्या प्रक्षेपणाबरोबर मुद्रणाची सोय प्रथम टाटा स्काय प्लस या नांवानें २००८ सालीं आली. मग इतर कंपन्यांनींही तसे डबे काढले. आमच्या घरीं असाच एक डबा आला. तो कोणत्या कंपनीचा होता, हें येथें गौण आहे. पहिल्या महिन्यांत घरांतील मंडळींनीं ज्या तक्रारी केल्या, त्या आम्हीं एका वहींत टिपून ठेविल्या होत्या. प्रारंभीं आम्हांस त्या अडाणीपणाच्या वाटल्या, ही आमची चूक होय.

पहिला प्रसंग बटणाचा. अमेरिकेंतील बहुतेक घरांत भिंतीवरील विजेच्या खांचेस स्वतंत्र बटण नसतें. आपल्याकडे प्रत्येक खांचेस असतें, आणि निजण्यापूर्वीं सर्व बटणें बंद करीत घरांतून एक फेरी मारणें हा पुष्कळ मराठी घरांतील गृहिणीचा नेम आहे. आमच्या आजीचा तो नेम साठ वर्षांचा. डबा रात्रभर जागा राहिला तरच पहांटेचें संगीत मुद्रित होणार, हें आम्हीं तिला समजावलें. ती म्हणाली, “अरे, कोणी बघत नसतांना तो लाल दिवा कशाला जळत ठेवायचा?” या प्रश्नास आमच्याजवळ खरोखर उत्तर नव्हतें. बटणावर चिकटपट्टी लाविली. दुसऱ्या दिवशीं ती निघालेली होती. त्यांतून गुरुवार आला कीं दुरुस्तीसाठीं वीज तासन्‌तास जावयाची, हें पुणेंकरांस सांगणें नको. गंमत पाहा कीं, जुन्या घड्याळाची तक्रार आतां उरली नव्हती, कारण डबा वेळ उपग्रहाकडूनच घेई. पण वीजच नसेल तर अचूक वेळेचा काय उपयोग?

दुसरा प्रसंग विसर्जनाचा. कार्यक्रम-पत्रिकेंत थेट प्रक्षेपणास अमुक वेळ दिलेली असते, आणि यंत्र तिच्यावर विसंबून राहतें. पुण्याची विसर्जन-मिरवणूक चोवीस तासांहूनही अधिक चालते; पत्रिकेप्रमाणें ती संपत नाहीं. आमच्या काकांचें ढोल-पथक टिळक चौकांत येण्याच्या सुमारास यंत्रानें आपलें कर्तव्य संपलें असें समजून मुद्रण थांबविलें. क्रिकेटच्या सामन्यांचेंही तेंच. ठरल्या वेळेपलीकडे थोडा वेळ मुद्रण चालू ठेवण्याची सोय अशा यंत्रांत असते, ती आम्हांस पुढें सांपडली. पण ती आज्ञा चार पडदे ओलांडल्यावर मिळे, आणि जो चुकला नाहीं त्यास ती शोधण्याचें कारणच पडत नाहीं.

आजीची आणखी एक तक्रार अशी कीं, मराठी मालिकांचीं नांवें पडद्यावर रोमन लिपींत, आणि तींही अर्धवट तुटलेलीं. मराठी दैनिक अथपासून इतिपर्यंत वाचणारी बाई स्वतःच्या घरांत निरक्षर ठरली. आईचें म्हणणें निराळें होतें: हें यंत्र एका माणसासाठीं केलेलें दिसतें. आमच्या घरीं सात माणसें व रिमोट एक. एकानें राखलेलें दुसरा पुसून टाकी, कारण यादींत कोणाचें कोणतें हें ओळखण्यास खूण नव्हती.

वहींतील या नोंदी आम्ही आज वाचतों, तेव्हां ध्यानांत येतें कीं, या यंत्राच्या कर्त्याच्या मनांत एक घर होतें, व आमचें घर तें नव्हतें. तक्रार म्हणजे त्या दोन घरांमधील भिंतीवर ठोठावणें. बटण, वेळ, लिपि, रिमोट; ठोठावणें ऐकूं आलें तर यांतील प्रत्येक गोष्ट सुधारणें शक्य होतें. पुढें दूर असतांना मोबाईलवरून मुद्रणाची आज्ञा देण्याची सोय कांहीं कंपन्यांनीं केलीही.

परंतु या यंत्राचा जो सर्वांत मोठा दोष, त्याची नोंद आमच्या वहींत नाहीं. पहिल्या महिन्यांत तो कोणासच दिसला नाहीं.

आमचे आजोबा शेतकी खात्यांतून निवृत्त झालेले. सह्याद्री वाहिनीवरील ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमांत एकदां त्यांस कोरडवाहू ज्वारीविषयीं बोलावयास बोलाविलें होतें. त्या दिवशीं आजीनें स्वतः बटण चालू ठेविलें, आणि डब्यासमोर खुर्ची टाकून ती पहारा देत बसली. मुद्रण उत्तम झालें. आम्हीं तें ‘पुसूं नये’ अशी खूण करून राखलें. पुढील वर्षीं आजोबा गेले. त्यानंतर आजी कधीं कधीं दुपारीं तें लावून बसे. आवाज मोठा नसे. रिमोटचीं तेवढीं चार बटणें ती न पाहतां दाबूं लागली होती.

दोन वर्षांनीं डबा बिघडला. दुरुस्तीस आलेला मुलगा सज्जन होता. त्यानें नवा डबा जोडून जुना उचलला, तेव्हां आम्हीं विचारलें, “आंतलें रेकॉर्डिंग यांत घालून द्याल ना?” तो म्हणाला, “नाही काका, ते त्याच डब्यात चालते. दुसरीकडे निघत नाही.” चित्रपटांची चोरी होऊं नये म्हणून मुद्रण कुलूपबंद करून ठेवितात व त्याची किल्ली त्या एका डब्यापाशींच असते, हें त्यानें आम्हांस समजावून दिलें. कारण आम्हांस पटलें. ज्वारीवर बोलणाऱ्या वृद्ध माणसाचा अर्धा तास कोण चोरणार होतें, हें मात्र आम्हीं त्यास विचारलें नाहीं; त्याच्या हातीं काय होतें? आजी दारांत उभी होती. तिनें त्यास पाणी आणून दिलें.

ही तक्रार वेळींच कोणी केली असती, तर कदाचित् उपाय निघता. पण ती करावयास आधीं कांहीं गमवावें लागतें. बोटास टोंचणारें बटण पहिल्याच दिवशीं बोलतें. कुलूप मात्र दोन वर्षें गप्प बसतें. म्हणून नवीन यंत्राविषयीं पहिल्या महिन्याचे अभिप्राय गोळा करणारांनीं आपल्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असें आम्हांस वाटतें: यांत ठेविलेलें बाहेर कसें काढावयाचें?

आतां अशा डब्यांचा काळही ओसरत चालला आहे. कार्यक्रम इंटरनेटवरून हवे तेव्हां दिसतात, आणि कंपनीनें काढून टाकले कीं दिसेनासे होतात. आमच्या कपाटांत १९८८ सालची एक व्हीएचएस फीत आहे. आत्याच्या लग्नाची. पुण्याच्या पावसाळ्यांनीं तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती. ती एका जुन्या दुकानदाराकडून पुसून घेतली. चित्रावर आडव्या रेघा येतात, आवाज मध्येंच बुडतो. तींत आजोबा मांडवाच्या दाराशीं उभे राहून पाहुण्यांस नमस्कार करितात, तें सुमारें वीस सेकंद दिसतें. आजीस हल्लीं आम्ही तेंच लावून देतों.