पकड सैल ठेवण्याची ताकद

२ मे २०२१. स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीत फाबिओ क्वार्तारारो आरामात आघाडीवर होता. त्याच्या यामाहात काही बिघाड नव्हता. तरी शर्यत अर्ध्यापुढे सरकली आणि एकेक जण त्याला मागे टाकू लागला. आघाडीचा हा रायडर शेवटी तेरावा आला. दुखणं होतं त्याच्या उजव्या हातात, कोपरापासून मनगटापर्यंत. ब्रेक ओढायला बोटांत जोरच उरला नव्हता. गंमत म्हणजे त्या दिवशी जिंकलेल्या जॅक मिलरनं याच दुखण्यावर महिनाभर आधी शस्त्रक्रिया करून घेतली होती.

रायडर या दुखण्याला आर्म पंप म्हणतात. सतत ब्रेक, थ्रॉटल, ब्रेक अशी कसरत चालली की पुढच्या हाताच्या स्नायूंत रक्त भरतं आणि ते फुगतात. त्यांच्याभोवतीचं पातळ पण चिवट आवरण मात्र ताणलं जात नाही. आखूड खोळीत कोंबलेल्या उशीसारखी स्नायूची गत होते. आतला दाब वाढतो, रक्ताची ये-जा मंदावते, बोटं बधिर पडतात. शर्यत संपल्यावर थोड्या वेळानं हात पूर्ववत होतो, म्हणून नवखे रायडर ते मनावर घेत नाहीत. डॉक्टर ते आवरण चिरून स्नायूला जागा करून देतात. क्वार्तारारोनं तेच केलं, दोन आठवड्यांत तो फ्रान्सला तिसरा आला, महिनाअखेरीस मुजेलोत जिंकला आणि त्या वर्षी जगज्जेताही झाला. पण त्यानं अशीच शस्त्रक्रिया २०१९ मध्येही करून घेतली होती, हे विसरू नये. दानी पेद्रोसालाही २०१४ नंतर २०१५ मध्ये पुन्हा टेबलावर झोपावं लागलं आणि त्यापायी तीन शर्यती हुकल्या. चिरलं की कायमचं सुटलं, असं हे दुखणं नाही.

आपल्याकडचा होतकरू रायडर फसतो तो इथंच. हात दमतात ना, मग हात कमवू, असा त्याचा सरळ हिशेब. जिममध्ये मनगटासाठी डंबेल, घरी टीव्हीपुढे हँड ग्रिप दाबणं. स्नायू आणखी जाड झाला की आधीच अपुरी असलेली जागा आणखी अपुरी पडते, हे त्याला कुणी सांगत नाही. मुळात हात दमण्याचं कारण बहुतेक वेळा हातात नसतंच. सरळ रस्त्यावरच्या वेगातून वळणासाठी करकचून ब्रेक मारले की अंग पुढे फेकलं जातं. त्याला अडवायचं काम मांड्यांचं आणि पोटा-कमरेचं. मांड्यांनी टाकी धरली नाही तर सगळा भार तळहातांवर येतो आणि रायडर हँडल गच्च आवळतो. खरं तर मोटोजीपीच्या गाडीतही ब्रेकच्या लिव्हरला लागतो तो जोर पाच-सहा किलोंच्या घरातला. तो फार नव्हे. आवळलेल्या मुठीतून तो मापात देणं, तेही लॅपमागून लॅप, हे खरं अवघड.

म्हणून कोल्हापूरच्या तालमीतली बैठक इथं महागड्या यंत्रांना भारी पडते, असं म्हटलं तर जिमवाल्यांनी रागावू नये. बैठका, एका पायावरच्या बैठका, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसून राहणं, प्लँक आणि कुशीवरचा प्लँक. जोर काढावेत, पण बेतानं. दंड-छाती कमावलेला पैलवान लेदर सूटमध्ये जखडल्यासारखा होतो. जिमइतकंच काम गॅरेजमध्ये करण्यासारखं आहे. गाडी स्टँडवर लावून शर्यतीच्या बैठकीत बसावं आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूनं पाहायला सांगावं. पुढचा हात, मनगट आणि बोटांची पेरं एका रेषेत यायला हवीत. मनगट वर किंवा खाली मोडत असेल तर पान्यानं लिव्हरचा कोन बदलावा. काम पाच मिनिटांचं, पण कंपनीतून आलेला कोन वर्षानुवर्षं तसाच ठेवणारे पुष्कळ आहेत. आणि ट्रॅकवर प्रत्येक सरळ रस्त्यात एकदा डाव्या हाताची बोटं हलवून पाहावीत. हलत नसतील तर मुठी आवळल्या गेल्या आहेत.

मोटोजीपीची रविवारची शर्यत चाळीसेक मिनिटांची. २०२३ पासून शनिवारी निम्म्या अंतराची स्प्रिंटही असते. या वेळात हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या जवळपास राहतात आणि त्याच वेळी डोकं ताळ्यावर ठेवायचं असतं. दम वाढवण्यासाठी जवळजवळ सगळे रायडर सायकल मारतात, कारण गुडघ्यांना धक्के बसत नाहीत. पण २००६ चा जगज्जेता निकी हेडन २०१७ मध्ये इटलीत रिमिनीजवळ सायकल चालवतानाच कारच्या धडकेत सापडला आणि पाच दिवसांनी गेला. पहाटेच्या अंधारात महामार्गावर सायकल दामटणाऱ्या आपल्या पोरांनी निदान जोरकस इंटरव्हलचा सराव तरी घरातल्या ट्रेनरवर करावा.

आता वजन. गाडी जितकी लहान, तितका रायडरचा एकेक किलो जड. मोटो३ या लहान गाड्यांच्या गटात गाडी आणि रायडर मिळून किमान १५२ किलो भरावे लागतात. सहा फुटांहून उंच ब्रिटिश रायडर स्कॉट रेडिंगला मोटो२ मध्ये आपल्या अंगकाठीचा तोटा सोसावा लागत होता. २०१३ मध्ये तिथंही एकत्रित वजनाचा नियम आला आणि त्या मोसमात तो दुसरा आला. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत दीडशे-दोनशे सीसीच्या एक सिलिंडरच्या गाड्या पुष्कळ पळतात. त्यामुळे शर्यतीच्या आठवड्यात जेवण तोडायचा मोह मोठा. तो टाळावा. चार दिवसांत उतरतं ते बहुतांशी पाणी आणि स्नायूंतला साखरेचा साठा, म्हणजे नेमकं तेच ज्यावर शेवटचे चार लॅप निघायचे असतात. वजन उतरवायचंच तर ते मोसम नसताना, आठवड्याला फार तर अर्धा किलो या गतीनं.

खाण्याच्या बाबतीत केसी स्टोनरची कथा प्रत्येक रायडरनं ऐकावी. २००७ चा हा जगज्जेता २००९ च्या मध्यावर अचानक गळून जाऊ लागला. शर्यत संपेपर्यंत अंगात त्राण उरत नसे. तपासण्यांवर तपासण्या झाल्या, पॅडॉकमध्ये हे सगळं मानसिक असल्याची कुजबुजही झाली. शेवटी तीन शर्यती सोडून तो ऑस्ट्रेलियाला घरी गेला. मग उलगडा झाला: त्याला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नव्हती. आहार बदलून तो परतला, एस्तोरीलला दुसरा आला आणि पुढच्या दोन्ही शर्यती, फिलिप आयलंड आणि सेपांग, त्यानं जिंकल्या. २०११ मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला.

ही गोष्ट ऑस्ट्रेलियाची असली तरी आपल्याला जवळची आहे. भारतात दूध न पचणारी माणसं खूप आहेत आणि आपल्याकडचा प्रत्येक काका-मामा पोरानं व्यायाम सुरू केला की दुधाचा ग्लास पुढे करतो. वर जिममधला व्हे प्रोटीनचा डबा, ज्याच्या साध्या प्रकारात लॅक्टोज असतंच. पोट फुगणं, जुलाब, न उतरणारा थकवा असेल तर दोन आठवडे दूध आणि व्हे बंद करून काय फरक पडतो ते वहीत लिहावं. ताक-दही बऱ्याच जणांना चालतं. रक्ताची तपासणी करताना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन आणि बी१२ ही पाहावं, शाकाहारी असाल तर नक्कीच. शर्यतीच्या दिवशी काय खावं यावर मात्र फार काथ्याकूट नको: तीन तास आधी इडली, उपमा किंवा दहीभात, मध्ये केळं-खजूर. मिसळ संध्याकाळी, बक्षीस मिळो न मिळो.

ऊन हा वेगळाच प्रतिस्पर्धी. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली. उकाड्यामुळे २४ लॅपची शर्यत २१ वर आणावी लागली. तरी दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यतीनंतर अंगातलं पाणी आटून कोलमडला आणि त्याला उपचार घ्यावे लागले. हा आदल्याच दिवशी स्प्रिंट जिंकलेला, वर्षभर यासाठीच घडवलेला देह! मग पुण्याहून रात्रभर गाडी हाकत चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टईला पोचलेल्या, चार तास झोपलेल्या पोराचं काय होत असेल? तिथल्या पॅडॉकमध्ये दुपारी चक्कर मारावी: सूट कमरेपर्यंत सोललेला, बाह्या पोटाशी बांधलेल्या, मानेवर बर्फाचा रुमाल आणि हातात कॅफिनवालं गार पेय. यातला बर्फ तेवढा योग्य.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर करता येतो. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. जितकं उतरलं तितकं जवळजवळ सगळं पाणीच: एक किलो म्हणजे सुमारे एक लिटर. साठ किलोच्या रायडरचं सव्वा किलो उतरलं की दोन टक्के पाणी गेलं आणि त्याच्या पुढे दम आणि लक्ष दोन्ही ढळू लागतात. नुसतं पाणी ढोसून ही तूट भरत नाही, घामासोबत मीठही गेलेलं असतं. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात घालावी. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शिवाय उकाड्याची सवय अंगाला लावावी लागते, त्याला दहा-बारा दिवस जातात. नाशिकच्या गारव्यात सराव करून थेट चेन्नईच्या उन्हात उतरणाऱ्यानं आधीचे दोन आठवडे दुपारी व्यायाम करावा.

सप्लिमेंटच्या बाबतीत तर हयगय करिअरवर बेतते. ऑस्ट्रेलियाचा रायडर अँथनी वेस्ट २०१२ मध्ये ल माँला मिथिलहेक्झानअमिन या बंदी असलेल्या उत्तेजकासाठी दोषी ठरला. ते त्याच्या पोटात गेलं होतं एका एनर्जी ड्रिंकमधून. आधी महिनाभराची बंदी, मग क्रीडा लवादानं ती अठरा महिन्यांवर नेली आणि मधल्या काळातले सगळे निकाल पुसले गेले. मोटोजीपी रायडर आंद्रेया इयानोनेचं तर याहून वाईट झालं. नोव्हेंबर २०१९ मधल्या नमुन्यात त्याच्या शरीरात ड्रोस्टॅनोलोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. ते दूषित मांसातून आल्याचं तो सांगत राहिला, पण लवादानं अठरा महिन्यांची बंदी चार वर्षांची केली. २०२४ मध्ये तो सुपरबाइकमध्ये परतला आणि एक शर्यत जिंकलाही, पण मोटोजीपीतली वर्षं गेली ती गेलीच. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे उत्तर तिथं चालत नाही. आपल्या जिममध्ये सुटी पावडर वजनावर मिळते. लेबल नसलेली वस्तू रायडरनं तोंडात घालू नये, आणि सर्दीचं औषध घेतानाही बंदी असलेल्या पदार्थांची यादी पाहावी.

शेवटी दुखापत. २०१३ मध्ये असेनला होर्हे लोरेन्झोचं गळपट्टीचं हाड गुरुवारी मोडलं, तो विमानानं बार्सिलोनाला जाऊन प्लेट बसवून आला आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला. हे शौर्य सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात: दोनच आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला, प्लेट वाकली, शर्यत हुकली. त्या वर्षीचं विजेतेपद त्यानं मार्क मार्केझपुढे चार गुणांनी गमावलं. आणि मार्केझ? जुलै २०२० मध्ये हेरेझला त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर चौथ्याच दिवशी तो पुन्हा गाडीवर बसला, मग माघार घेतली. पुढे घरातलं दार सरकवताना प्लेट तुटली. दुसरी शस्त्रक्रिया, मग जंतुसंसर्गासह तिसरी, २०२२ मध्ये अमेरिकेत हाड फिरवून बसवणारी चौथी. एवढ्या लवकर परतायला नको होतं, हे पुढे त्यानं उघड सांगितलं. विजेतेपद पुन्हा मिळवायला त्याला २०२५ उजाडलं. हाड जुळल्याचा एक्स-रे आणि डॉक्टरची लेखी परवानगी, दोन्ही हातात आल्याशिवाय टीम मॅनेजरचा फोनसुद्धा घेऊ नये.

यातल्या बऱ्याच दुखापती शर्यतीत होत नाहीत, हे आणखी एक. व्हॅलेंटिनो रोसीचा पाय २०१७ मध्ये एन्ड्युरोच्या, म्हणजे मातीतल्या, सरावात मोडला. २०२४ चा जगज्जेता मार्टिन फेब्रुवारी २०२५ मध्ये चाचणीत पडून जखमी झाला, त्यातून सावरत असताना सुपरमोटोच्या सरावात पुन्हा पडला आणि मोसमाच्या पहिल्या तीन शर्यतींना मुकला. एप्रिलमध्ये कतारला उतरला तो तिथं बऱ्याच बरगड्या मोडून घेतल्या. पुन्हा गाडीवर आला थेट जुलैत. मातीतला सराव गाडीवरचा ताबा वाढवतो, तो सोडू नये. तो मोसमाआधीच्या महिन्यांत ठेवावा. शर्यतीआधीच्या दहा दिवसांत मातीची गाडी झाकून ठेवावी आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी.