ट्रॅक्टरचे ब्रेक व हातब्रेक यांची निगा

ऊसवाहतुकीचा हंगाम जवळ आला म्हणजे इंजिनाचे तेल, फिल्टर व टायर तपासून घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ब्रेककडे मात्र क्वचितच लक्ष जाते. नांगरटीत ब्रेकवर भार थोडा पडतो, त्यामुळे दोष झाकून राहतो. तोच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन उताराला लागला की तो दोष उघडा पडतो.

बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक मागील दोन चाकांनाच असतात. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून डाव्या व उजव्या चाकांची पायडले वेगळी ठेवलेली असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती खटक्याने जोडलीच पाहिजेत. वेगात असताना एकच चाक अडले, तर ट्रॅक्टर त्या बाजूस वळून उलटू शकतो. दोन्ही ब्रेक जोडलेले असून एक घट्ट व दुसरा सैल असल्यास परिणाम तोच होतो.

ब्रेक जुळविण्यासाठी ट्रॅक्टर सपाट व कठीण जमिनीवर उभा करावा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हातब्रेक व खटका सोडावा आणि पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. मागील एक चाक जॅकने उचलून एक्सलखाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली कोणीही जाऊ नये. ब्रेकच्या दांड्यावरील लॉकनट सैल करून पायडलची मोकळी चाल माहितीपुस्तिकेत दिल्याइतकी करावी. पायडल सोडल्यावर चाक हाताने न अडखळता फिरले पाहिजे. दुसऱ्या चाकाचीही चाल तितकीच ठेवावी व लॉकनट आवळावेत. नंतर पायडले जोडून मोकळ्या, कोरड्या जागी अगदी हळू चालवून ब्रेक लावावा. ट्रॅक्टर एका बाजूस ओढला गेल्यास जुळणी पुन्हा करावी.

नट पूर्ण फिरवूनही चाल कमी होत नसेल, तर लायनर झिजले असे समजावे. ते दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. कोरड्या डिस्कच्या ब्रेकमध्ये सील फुटून तेल शिरले, तर लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नयेत. मुरलेले तेल पुरते निघत नाही. आधी सील, मग लायनर. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून वा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तेलात बुडालेल्या ब्रेकांची निगा सोपी असते, परंतु तेथे नेमून दिलेलेच तेल वापरावे व त्याची पातळी पाहावी.

पुष्कळ ट्रॅक्टरांत हातब्रेक हा पायब्रेकच्याच डिस्क आवळून धरतो. म्हणून पायब्रेक जुळविल्याशिवाय हातब्रेकची तार वा दांडा आखडणे व्यर्थ होय. हातब्रेक ओढून इंजिन बंद केल्यावरही उतारावर ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंच्या चाकांना ठोकळे लावावेत. हातब्रेक सोडण्यास विसरून कोसभर गेल्यास डिस्क तापून लायनर जळतात. असे घडल्यास जुळणी पुन्हा तपासावी.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची खोड अनेक चालकांना असते. त्यामुळे इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. चढ चढताना जो गिअर लागतो, तोच उतरण्यापूर्वी टाकावा.